मावशीचं पूर्ण नाव

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बरीच कारणं देणार आहे, कारण एकतीस वर्षं शाळेत काढल्यावर कारणं द्यायची सवय लागते. पण चूक माझीच होती आणि जिनं ती मला दुरुस्त करू दिली त्या बाईबद्दल मला लिहायचं आहे.

मी मूळची पुसदची. आमच्याकडं आजोबांपासून कोर्टकचेरीतली नोकरी. कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही, असं ऐकत मी वाढले. मला नोकरी लागली जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि बदल्या होत होत मी ढाणकीजवळच्या एका खेड्यात येऊन पडले. ढाणकीत खोली घेतली होती. सकाळी काळीपिवळी जीपनं गावात जायचं, चारच्या काळीपिवळीनं परत, आणि शनिवारी पुसदला घरी.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं. कॅमेरेवाले गाड्या घेऊन यायचे, चावडीवरच्या माणसांना एकच प्रश्न विचारायचे आणि चहा न घेता निघून जायचे. लोक कंटाळले होते. मतदानाचा विषय काढला की म्हणायचे, ‘देऊन का होऊन राह्यलं बाई? भाव वाढला काय कापसाचा?’ तेव्हा मी त्यावर नुसतीच चिडायचे.

मतदार यादीचं काम माझ्याकडं होतं. जनगणना, पोलिओ, गुरं मोजणं, सगळं शाळेतल्या बाईकडं असायचं, तसं हेही. निवडणुकीच्या वर्षी यादीचं चावडीवाचन करावं लागे. म्हणजे गावातल्या चार लोकांसमोर बसून एकेक नाव मोठ्यानं वाचायचं, आणि माणूस गावात आहे की गेला, वारला, मुलगी असेल तर लग्न होऊन गेली, हे लोकांनी सांगायचं. त्या वर्षी मी ते श्रावणात केलं, भर दुपारी, कारण मला चारची गाडी गाठायची होती. श्रावणात दुपारी निंदण, म्हणजे तण काढणं, चालू असतं. गावातली एकूण एक कामाची बाई शेतात होती. चावडीवर होते आठ-दहा पुरुष, त्यातले चार म्हातारे आणि बाकीचे पत्ते खेळणारे. बायकांची नावं मी वाचत होते आणि पुरुष उत्तरं देत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

मधेच एक नाव आलं. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आणि आडनाव त्या गावातलं नसलेलं. एका म्हाताऱ्यानं पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

‘अशी कोनी नाई बाई आपल्या गावात,’ तो म्हणाला.

‘असंल कोनी सडकेच्या कामावरची,’ पत्तेवाल्यांतला एक म्हणाला. ‘गेली असन निघून.’

नाव कापायची खरी रीत वेगळी आहे. सात नंबरचा फॉर्म भरायचा, त्या माणसाला नोटीस द्यायची, घरी जाऊन खात्री करायची, मग कापायचं. यादीत घर क्रमांक होता, पण तो नंबर कुठल्या घराचा हे ग्रामपंचायतीच्या शिपायालाही सांगता येईना. मी फार शोधलंही नाही. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली, जिथं फक्त पुरुषच टेकतात. आठवडा गेला, कोणी आलं नाही आणि मी नावावर लाल रेघ मारली. कागद पुरा झाला.

आता मावशी. तिला सारं गाव मावशी म्हणायचं. नवरा गेल्यावर ती तिच्या बहिणीकडं राहायला आली होती, बहिणीची मुलं मावशी म्हणायची, मग शेजारची म्हणू लागली, मग गाव. तिच्याहून वयानं मोठे असलेले म्हातारेसुद्धा तिला मावशीच म्हणायचे. निंदणाला आणि पुढं कापूस वेचायला बारा बायांची टोळी ती घेऊन जायची. शाळा भरायच्या वेळेला त्या फाटकावरून जात. माझं तिच्याशी एकदा जोरात भांडण झालं होतं, कारण वेचणीच्या दिवसांत चौथीतल्या दोन मुली तिच्या टोळीबरोबर दिसल्या. मी फाटकात उभी राहून तिला वाट्टेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘बरोबर हाय तुमचं.’ दुसऱ्या दिवशी दोन्ही मुली वर्गात होत्या आणि तिच्या टोळीत पुन्हा कधी शाळेतली पोर मला दिसली नाही. तेव्हापासून मी तिला मानत होते.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. विधानसभेची निवडणूक जाहीर झाली होती.

‘बाई, माहं नाव पाहून द्या बरं यादीत. दर खेपेले पाहून घेतो मी.’

‘नाव काय तुमचं, मावशी?’

तिनं सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, एकदम सरळ आणि स्पष्ट. मला यादी उघडायची गरजच नव्हती. चावडीवर दोनदा वाचलेलं ते नाव मला जसंच्या तसं आठवलं. तरी मी यादी काढली, पानं उलटली, कारण तिच्या तोंडाकडं बघवेना. मग म्हटलं, ‘नाही दिसत.’

‘असं कसं? कार्ड हाय ना माह्याजवळ.’ तिनं बटव्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फोटोचं कार्ड काढलं.

‘नुसतं कार्ड असून चालत नाही मावशी. कार्डावरून तुम्ही तुम्हीच आहात एवढं कळतं. मत देता येतं ते यादीत नाव असलं तर.’

‘मंग कापलं कोनं?’

मी म्हटलं, गावानंच सांगितलं, चावडीवर, अशी कोणी बाई नाही म्हणून. बघा, अजूनही मी गावावरच ढकलत होते. तिनं विचारलं, कोण कोण होतं? मी सांगितलं, पहिल्यांदा नाही म्हणणारा म्हातारा कोण तेही. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली.

‘त्या बुढ्याच्या सुनेची तीन बाळंतपणं मी केली. त्याले माहं नाव ठाऊक नाई.’ मग हसू थांबलं. ‘कसं रायन? कोनी कधी इचारलंच नाई. तुमीबी तं मावशीच म्हन्ता, बाई.’

खरं होतं. दोन वर्षं रोज मी तिला हाक मारत होते.

ती जायला उठली नाही. कार्ड पुन्हा नीट गुंडाळत बोलत राहिली. ‘घर बहिणीचं हाय. वावर भाऊजीचं. राशन कार्डावर भाऊजी, बहीण अन् लेकरं. सासरी सातबाऱ्यावर मले कोनं चढवलं नाई. माह्या नावाचा हा एकच कागद हाय या जगात. पाच सालातून एकदा मतदानाच्या जागी सायेब माहं पुरं नाव वाचते, मोठ्यानं. सारे आयकतेत. मत कोनाले द्याचं ते मी पाहून घेईन, पन नाव वाचलं पाह्यजे बाई.’

मला रडू नाही आलं, राग आला. तो माझा स्वतःवरचाच होता, पण दुसऱ्या दिवशी मी तो उमरखेडला तहसीलच्या बाबूवर काढला. बिचारा निवडणुकीच्या गठ्ठ्यांत बुडालेला होता. त्यानं मला ओरडू दिलं आणि मग शांतपणे हिशेब सांगितला. उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपली की यादी बंद. त्याच्या आधी नव्या अर्जावर कोणाची हरकत आहे का यासाठी आठवडा ठेवावा लागतो. म्हणजे सहा नंबरचा फॉर्म सगळ्या कागदांसकट सोमवारी माझ्या टेबलावर पाहिजे. तो दिवस गुरुवार होता.

फॉर्मला फोटो लागणार होता, तो ढाणकीत निघाला असता. वयाला जुनं कार्ड चालणार होतं. अडलं ते राहण्याच्या पुराव्यावर. राशन कार्डावर नाव नाही, लाइटचं बिल भाऊजींचं, बँकेचं पुस्तक नाही. बाबूनं फॉर्मची मागची बाजू बोट फिरवत वाचली आणि म्हणाला, ‘त्या पत्त्यावर तिच्या नावानं पोस्टानं आलेलं पत्र असलं तरी चालतं.’

‘तिला कोण पत्र लिहिणार?’

‘तुम्ही लिहा ना बाई. नाव तुम्हीच कापलं ना?’

आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसं मोजकी आहेत, त्यातला तो एक. पोस्टातून कार्ड घेतलं आणि तिथल्या शाईच्या डागांनी भरलेल्या टेबलावर लिहायला उभी राहिले. पत्ता लिहिला, पूर्ण नावानिशी. मजकूर काय लिहावा कळेना. शेवटी खरं तेच लिहिलं. ‘तुमचं नाव यादीतून मी कापलं. माझी चूक झाली. सोमवारपर्यंत अर्ज देऊन ते परत लावायचं आहे.’ खाली सही केली आणि कार्ड पेटीत टाकलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. पोस्टमन सायकलवरून आला तशी मी वर्ग सोडून फाटकात गेले. विचारलं, कार्ड आलं का? त्यानं पिशवीतून काढून दाखवलं. माझंच कार्ड, माझंच अक्षर, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘पत्ता लागत नाही’.

‘या नावाची कोनी नाई गावात,’ तो म्हणाला. ‘वापस पाठवून राह्यलो.’

‘अहो, मावशी आहे ती,’ मी म्हटलं.

‘मंग मावशी लिवाचं ना बाई,’ तो म्हणाला, आणि त्याच्या परीनं त्याचं बरोबरच होतं. गावात पंधरा वर्षं टपाल वाटणारा माणूस तो, तिच्या हातचा चहा पिणारा. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. पण फैलावर घेताना लक्षात येत होतं की चावडीवर मी जे केलं तेच हा करतोय.

कार्ड तो माझ्या हातात देईना. ज्याचं त्याला द्यायचं, हा त्याचा नियम. शाळा सुटल्यावर आम्ही मावशीच्या घरी गेलो, तर बहीण म्हणाली, टोळी नाल्यापलीकडच्या वावरात गेली आहे. मग आम्ही दोघं तिकडं निघालो, तो सायकल ढकलत आणि मी चिखलातून चपला सांभाळत. कापूस कमरेइतका होता, पिवळी फुलं लागलेली. बाया ओळीनं निंदत होत्या. आम्हाला बघून सगळ्या उभ्या राहिल्या. पोस्टमन शेतात येतो ते काही चांगल्या कामासाठी नसतं, असं त्यांना वाटलं असणार. पोस्टमननं घसा साफ केला आणि कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचलं.

‘मीच होय,’ मावशी म्हणाली, आणि मातीचे हात लुगड्याला पुसून तिनं ते कार्ड घेतलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तिचं नाव हळूच म्हणून पाहिलं. दुसरी म्हणाली, ‘मावशे, इतकं चांगलं नाव होतं तं सांगतलं काहून नाई?’ मावशीनं त्यांना हसू दिलं. मग कार्ड बटव्यात ठेवून म्हणाली, ‘आता तुमी आपापलं सांगा. बाईच्या झोऱ्यात यादी असतेच.’

यादी पिशवीत होतीच. मी बांधावर बसले. पण एक अडचण आली जी मला सुचायला हवी होती. पूर्ण नाव सांगायचं तर मधे नवऱ्याचं नाव येतं, आणि ते घ्यायची त्यांना लाज. पहिलीनं स्वतःचं नाव सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. मावशी म्हणाली, ‘तिच्या धन्याचं नाव तू सांग, तुह्या धन्याचं ती सांगन.’ झालं. शेजारची शेजारणीच्या नवऱ्याचं नाव सांगायला लागली, तेही असं खणखणीत की नाल्यापर्यंत ऐकू जावं. बाराच्या बारा नावं मी त्या बांधावर ताडून पाहिली. एकीचं वय चुकलेलं निघालं आणि एका नव्या सुनेचं नाव अजून लागलंच नव्हतं. दोघींचेही फॉर्म मी सोमवारी बरोबर नेले. खरं चावडीवाचन त्या दिवशी झालं, आणि ते मी नाही, मावशीनं केलं.

सोमवारी ती माझ्याबरोबर उमरखेडला आली, त्या दिवसाचा रोज बुडवून. बाबूनं फॉर्म पुढं सरकवला आणि सवयीनं अंगठ्याची शाई जवळ ओढली. मावशीनं त्याच्या हातातला पेन घेतला. भाचीकडून तिनं तेवढं एकच लिहायला शिकून घेतलं होतं, स्वतःचं नाव. सावकाश लिहिलं, फॉर्मच्या रेघेवर नीट. बाबू थांबून राहिला, एकदाही घाई केली नाही, आणि त्याच्याबद्दलचा माझा सगळा राग तिथंच संपला.

नाव आता पुरवणी यादीत येणार होतं. येईल ना, येईल ना, हे मी बाबूला इतक्यांदा विचारलं की शेवटी त्यानं माझा फोन घेणं बंद केलं. मतदानाच्या दिवशी माझी ड्यूटी तिच्या गावी नव्हती, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्याच एका शाळेत होती. माझं काम नावं वाचण्याचं. मतदार समोर येतो, त्याची चिठ्ठी बघायची आणि यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं, म्हणजे उमेदवारांच्या माणसांनाही ऐकू जातं. वीस वर्षं मी हे काम करत आले, बाजारातली दवंडी दिल्यागत, वर न बघता. त्या दिवशी प्रत्येक बाईचं नाव मी वर बघून वाचलं. आमचा केंद्राध्यक्ष वैतागला, रांग वाढून राहिली म्हणाला. मी त्याला म्हटलं, वाढू द्या.

मध्ये एक सुट्टीचा दिवस गेला. त्यानंतर शाळेत पोचले तर मावशी फाटकातच उभी होती, टोळीला पुढं पाठवून. डाव्या हाताचं बोट तिनं माझ्या नाकासमोर धरलं. शाईची रेघ नखावरून खाली उतरलेली.

‘वाचलं काय नाव?’ मी विचारलं.

‘वाचलं. मी म्हन्लं, सायेब, पुन्यांदा वाचा. त्यायनं वाचलं बिचाऱ्यानं. तो बुढा माह्या मागंच होता रांगेत. त्यानं बी आयकलं.’

मला इतका आनंद झाला की मी तिचे दोन्ही हात धरले. हात धरले म्हणूनच तिला माझी बोटं दिसली. तिनं माझा डावा हात उलटा केला, सुलटा केला.

‘बाई, तुमची शाई?’

मी म्हटलं, माझी ड्यूटी होती ना, माझं नाव पुसदच्या यादीत.

‘मंग ड्यूटीवाल्याईनं मत कसं द्याचं?’

त्याची सोय आहे. ट्रेनिंगलाच बारा नंबरचा फॉर्म देतात, तो भरून दिला की मतपत्रिका पोस्टानं येते. मी हे सगळं तिला समजावून सांगितलं, वर्गात सांगते तसं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, ‘तुमी भरला?’

फॉर्म माझ्या पर्समध्येच होता, चार घड्या घातलेला, कोरा. मागच्या निवडणुकीचाही असाच कुठल्यातरी पर्समध्ये राहिला होता, त्याच्या मागचाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं वाचत होते, आणि माझं नाव कुठल्या केंद्रावर कोणी वाचलं त्याला इतकी वर्षं झाली होती की ते आठवतही नव्हतं. आम्ही ड्यूटीवाले सगळे असेच. फॉर्म मिळतो, घडी होते, पर्समध्ये जातो. त्यात कोणाला काही चूक वाटत नाही.

‘नाही भरला,’ मी म्हटलं.

तिनं मला बोल लावला नाही. फक्त म्हणाली, ‘तुमचं नाव तं कोनं कापलं बी नोयतं बाई.’ आणि खुरपं उचलून टोळीच्या मागं निघाली. ते वाक्य मला किती लागलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढं माझी बदली पुसदजवळ झाली. पाच वर्षं गेली. पुन्हा विधानसभा आली, पुन्हा ड्यूटी लागली, यावेळी दिग्रसकडं. पहिलं ट्रेनिंग झालं, बारा नंबरचा फॉर्म मिळाला आणि, खोटं कशाला बोलू, मी त्याची घडी घातली. भरायचा होता, आज नाही तर उद्या. तिसऱ्या दिवशी शाळेत पोस्टमन आला. वर्गाच्या दारात उभा राहून त्यानं कार्डावरचं नाव वाचलं. माझं, नवऱ्याचं, आडनाव. मुलं वळून बघायला लागली, कारण त्यांना मी बाई म्हणूनच ठाऊक होते.

अक्षर कुठल्यातरी शाळकरी पोरीचं होतं. ‘बाई, ट्रेनिंग झाली असन. फार्म भरला काय? नसन भरला तं आजच भरा.’ आणि खाली, सावकाश लिहिलेल्या वाकड्या अक्षरांत, सही. पूर्ण नावाची.

तीही मला कायम बाईच म्हणत आली होती. माझं पूर्ण नाव तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. नंतर कळलं की ती गावातल्या शाळेत गेली होती आणि नव्या मास्तरांना शिक्षकांचं जुनं हजेरीपुस्तक काढायला लावून तिनं ते आणि माझ्या नव्या शाळेचा पत्ता विचारून घेतला होता.

मुलांना पाढे म्हणायला लावले. पर्समधून फॉर्म काढला, टेबलावर हातानं सपाट केला आणि पहिल्या रेघेवर माझं नाव लिहिलं.